वही रद्दीत देऊ नकोस

प्रिय मित्रा,

परवा फोनवर तू म्हणालास की डॉक्टर हू वर, आपल्या त्या ब्रिटिश सायफाय मालिकेवर, डोकं लावणं आता बंद, लिहिणाऱ्यांनाच पुढचं ठाऊक नाहीये तर आपण कशाला झिजायचं, आणि बोलता बोलता हेही म्हणालास की कपाट आवरताना आपली ती अंदाजांची वही सापडली, रद्दीत देऊ का. मी फक्त "नको रे, थांब" एवढंच म्हणू शकलो कारण तेव्हा काही सुचलंच नाही. दोन दिवस तेच डोक्यात घोळतंय म्हणून आता बसून लिहितोय, लांबेल, निवांत वाच.

तुझा राग कशावर आहे ते कळतंय मला. 31 मे 2025 चा तो एपिसोड. शूटी गाटवाचा डॉक्टर आपली सगळी रीजनरेशन एनर्जी, मरताना नवा चेहरा घ्यायची ती ताकद, ओतून टाकतो, उजेड होतो आणि समोर कोण तर बिली पायपर, 2005 मधली डॉक्टरची साथीदार, आपली रोझ, आणि संपलं! क्रेडिट्समध्ये तिचं नाव आलं पण नवीन डॉक्टर आला की नावापुढे "डॉक्टरच्या भूमिकेत" असं जे येतं ते गायब. तू त्या रात्री त्याचा स्क्रीनशॉट पाठवलास, लाल गोल काढून. मग ऑक्टोबरमध्ये बीबीसीने सांगितलं की मालिकेतली भागीदार डिझ्नी आता बरोबर नाही, पुढचं काय ते 2026 च्या ख्रिसमस स्पेशलला. म्हणजे दीड वर्ष लटकत. तुझं म्हणणं, तो क्लिफहँगर नव्हताच, पुढची सोय लागलेली नव्हती म्हणून घाईघाईत मारलेलं ठिगळ होतं ते.

असेलही. खरं सांगू, मलाही तसंच वाटतं. पण ही अख्खी मालिका ठिगळांचीच आहे रे, पहिल्यापासून, आणि आपण तिच्यात एवढे अडकलो ते त्या ठिगळांपायीच.

चेहरा बदलण्याचंच घे ना. 1963 मध्ये मालिका सुरू झाली तेव्हा डॉक्टर चेहरा बदलू शकतो असं कुणाच्या मनातही नव्हतं. विल्यम हार्टनेलची तब्येत ढासळत गेली, त्यांना झेपेना, आणि मालिका तर चालू ठेवायची होती, म्हणून ऑक्टोबर 1966 मध्ये त्यांना जमिनीवर पाडलं आणि उठताना पॅट्रिक ट्रॉटन उठले. झालं. तेव्हा या प्रकाराला नावसुद्धा नव्हतं, रीजनरेशन हा शब्द आला 1974 मध्ये, जॉन पर्टवी जाताना. आठ वर्षं ती गोष्ट नुसतीच घडलेली होती. (आणि तो 1966 चा भाग बीबीसीकडे राहिलाही नाही, चेहरा बदलतानाचे ते थोडे सेकंद वाचले कारण लहान मुलांच्या एका कार्यक्रमात ती क्लिप दाखवली होती. ते सेकंद बघताना मला दर वेळी भरून येतं.)

आता तुझा मुद्दा, की उत्तर कुणी ठरवलेलंच नसेल तर तर्क करण्यात अर्थ काय. याच्यावर मला तुला ट्रॉटनची गोष्ट परत आठवून द्यायचीये, कारण तूच मला ती पहिल्यांदा समजावली होतीस. 1969 मध्ये ट्रॉटनचा डॉक्टर टाइम लॉर्ड्सच्या, म्हणजे त्याच्याच जमातीच्या, हाती लागतो, खटला चालतो, जेमी आणि झोई या त्याच्या दोन साथीदारांच्या आठवणी पुसून त्यांना घरी पाठवतात, आणि याला शिक्षा की पृथ्वीवर राहायचं आणि चेहरा बदलायचा. पण बदललेला चेहरा आपल्याला दिसतच नाही. पुढे जानेवारी 1970 मध्ये पर्टवी टार्डिसमधून, डॉक्टरच्या त्या काळात फिरणाऱ्या यानातून, बाहेर कोसळतात, रंगीत. मधे काय झालं ते कोरं.

मग 1983 च्या विसाव्या वर्षाच्या एपिसोडमध्ये ट्रॉटन परत येतात, समोर जेमी आणि झोई उभे राहतात आणि ट्रॉटन ओळखतात की ही खरी माणसं नाहीत, भास आहेत, कारण त्यांच्या आठवणी पुसल्या गेल्या होत्या. तू इथे पॉज केलं होतंस आणि मला विचारलंस, "याला कसं माहीत?" मी म्हटलं काय कसं माहीत, त्याच्यासमोरच तर झालं. तू म्हणालास अरे पण ते झाल्या झाल्या त्याची शिक्षा अंमलात आली ना, मग हा माणूस त्या दिवसानंतर ट्रॉटनच्याच चेहऱ्याने हिंडतोय कुठे? मला काटाच आला अंगावर. आणि 1985 मध्ये तर ट्रॉटन आणि जेमी दोघंही वयाने मोठे दिसतात आणि चक्क टाइम लॉर्ड्सच्या कामावर निघालेत, ज्यांच्यापासून तो आयुष्यभर पळत होता!

हे लिहिणाऱ्यांचं दुर्लक्ष होतं, सरळ आहे. पण फॅन्सनी ते दुर्लक्ष मानलंच नाही. त्यांनी हिशेब मांडला की खटल्यानंतर लगेच शिक्षा झाली नाही, मधे बराच काळ टाइम लॉर्ड्सनी त्याला गुपचूप कामाला लावलं, जेमीला परत आणून दिलं, आणि मग कधीतरी चेहरा बदलला. सहावा सीझन आणि सातवा सीझन यांच्या मधला, कधी शूटच न झालेला सीझन, म्हणून नाव पडलं सीझन सिक्स बी. 1995 मध्ये तिघा फॅन-लेखकांच्या पुस्तकात ते छापून आलं. आणि 2005 मध्ये त्याच काळावर कादंबरी कुणी लिहिली? टेरन्स डिक्स यांनी. 1969 चा तो खटला लिहिणाऱ्या दोघांपैकी एक! म्हणजे ज्यांनी भोक पाडलं त्यांनीच, फॅन्सनी घातलेला टाका बघून, त्यावर स्वतः सुई चालवली. आता सांग, उत्तर आधीपासून होतं का? नव्हतं. बघणाऱ्यांनी इतकं बारकाईने बघितलं म्हणून ते तयार झालं.

मॉर्बियसचे चेहरे तर तुला पाठच आहेत पण तरी लिहितो कारण मला ते लिहायलाच आवडतं. जानेवारी 1976. टॉम बेकरचा डॉक्टर आणि मॉर्बियस हा दुष्ट टाइम लॉर्ड यांची मनाची झुंज चालू आहे, पडद्यावर डॉक्टरचे मागचे चेहरे उलटे दिसत जातात, बेकर, पर्टवी, ट्रॉटन, हार्टनेल, आणि थांबत नाहीत, अजून आठ अनोळखी चेहरे येतात, जुन्या काळच्या कपड्यांत. ते सगळे मालिकेच्या टीममधले लोक होते, प्रोड्युसर फिलिप हिंचक्लिफसुद्धा त्यात. म्हणजे हार्टनेल पहिला नाही? आणि त्याच वर्षी शेवटी शेवटी मालिकेने नियम काढला की टाइम लॉर्डला बाराच रीजनरेशन्स, म्हणजे तेरा आयुष्यं. तू वहीत बेरीज केली होतीस, आठ अधिक चार बारा, मग टॉम बेकर बारावा, पीटर डेव्हिसन तेरावा, आणि त्यानंतर डॉक्टर संपायला पाहिजे होता. संपला नाही, म्हणून बऱ्याच लोकांनी ठरवून टाकलं की ते चेहरे मॉर्बियसचेच असणार. काहीजण मात्र हटून बसले की नाही, ते डॉक्टरचेच. 44 वर्षं हटून बसले! आणि मार्च 2020 मध्ये जोडी व्हिटेकरच्या डॉक्टरला कळतं की हार्टनेलच्या आधी तिची कितीतरी आयुष्यं होऊन गेली, आणि आठवणींच्या त्या झपाट्यात ते 1976 चे चेहरे दिसतात. ते कथानक तुला आवडलं नव्हतं, मलाही निम्मंच आवडलं, डॉक्टर सगळ्यांपेक्षा खास होता हे मला पटत नाही, तो चोरलेल्या टार्डिसमधून पळालेला एक साधा टाइम लॉर्ड होता यातच गंमत होती. पण ते चेहरे दिसले त्या सेकंदाला तू ओरडलास की नाही?

ब्रिगेडियर, डॉक्टरचा तो लष्करी मित्र, त्याच्या गोष्टी नक्की कोणत्या साली घडतात त्यावर तर आपण अख्खा एक रविवार घालवलाय. त्याच काळातली डॉक्टरची साथीदार सारा म्हणते ती 1980 मधली आहे, आणि नंतर कळतं ब्रिगेडियर 1976 मध्येच रिटायर झाला. 2008 मध्ये खुद्द डॉक्टरच म्हणतो की सत्तरचं दशक होतं की ऐंशीचं, आठवत नाही. लिहिणाऱ्याने आपल्यासारख्यांसाठीच टाकलेलं वाक्य होतं ते, सरळ आपल्याकडे बघून. लिहिणारे पण आपल्यातलेच ना. रसेल टी. डेव्हिस, स्टीवन मॉफॅट, दोघंही लहानपणापासूनचे फॅन. पीटर कपाल्डी तर 15 वर्षांचा असताना रेडिओ टाइम्सला पत्र लिहीत होता या मालिकेबद्दल. आणि तो डॉक्टर झाला तेव्हा पहिला प्रश्न आपण काय विचारला? की अरे हाच तर 2008 मध्ये पॉम्पेईतला तो गृहस्थ होता, डॉक्टरने ज्वालामुखीतून वाचवलेला, मग तोच चेहरा कसा? 2015 मध्ये उत्तर आलं, हा चेहरा त्याने स्वतःला आठवण राहावी म्हणून घेतलाय, सगळ्यांना वाचवता आलं नाही तरी कुणाला तरी वाचव. एका नटाला दोनदा काम मिळालं, एवढ्याशा गोष्टीतून हे निघालं. हे बघ, लिहितानाही गळा दाटतोय.

रूबी संडेचं, गाटवाच्या डॉक्टरच्या त्या टाकून दिलेल्या बाळाचं मोठं झालेल्या साथीदाराचं, मात्र तुझं बरोबर आहे. तिथे मी तुझ्या बाजूने आहे आणि तेव्हा मी तुला उगाच समजावत बसलो याचं वाईट वाटतं. आई कोण यावर आपण महिनेच्या महिने जागलो, आणि जून 2024 मध्ये निघालं की ती एक साधी 15 वर्षांची मुलगी होती. ते उत्तर मला सुंदर वाटलं, अजूनही वाटतं. पण ती टोपी ओढलेली बाई रस्त्यात उभी राहून बोट दाखवते, आणि ते बोट रस्त्याच्या पाटीकडे, बाळाचं नाव सुचवायला? ते कोणासाठी? बघायला तिथे होतं कोण? आणि बर्फ पडायचा त्याचं काय? क्लू टाकायचा आणि मग म्हणायचं की तुम्हीच त्याला मोठं केलंत, हे बघणाऱ्यावर अन्याय करणं आहे. तू तेव्हाच दुखावला गेला होतास, बिली पायपर फक्त निमित्त झाली, हे मला आत्ता लिहिता लिहिता लक्षात येतंय.

पण म्हणूनच ते जॅकेट आठव. 1 मे 2010. मॅट स्मिथचा डॉक्टर एंजल्सच्या, त्या पुतळ्यांसारख्या राक्षसांच्या, तावडीतून सुटताना ट्वीडचं जॅकेट मागे सोडून येतो. पुढे अर्धा एपिसोड तो नुसत्या शर्टात, खांद्यावर गॅलिसचे पट्टे. त्याची साथीदार एमी जंगलात डोळे मिटून बसलेली, उघडले तर मरेल. डॉक्टर तिचा निरोप घेऊन जातो, आणि परत येतो, तिचा हात धरतो, ती सात वर्षांची असताना तिला काय सांगितलं होतं ते आठव म्हणतो. त्याचा आवाज तेव्हा वेगळाच आहे, खूप थकलेला. आणि अंगात जॅकेट! मी म्हटलं कंटिन्युइटीची चूक, शूटिंग वेगळ्या दिवशी झालं असणार. तू ऐकेनास. तीनदा मागे घेतलंस, बाहीवर बोट ठेवलंस स्क्रीनवर, आणि वहीत लिहिलंस, "हा तो नाही. हा पुढचा आहे." आठ आठवडे मी तुला चिडवलं. 26 जूनला फायनलमध्ये डॉक्टरचं आयुष्य उलटं गुंडाळलं जातं आणि तो त्या जंगलात पोचतो, जॅकेट घालून, आणि एमीचा हात धरतो. तू काही बोलला नाहीस, फक्त वहीचं ते पान उघडून माझ्यासमोर धरलंस. मला आजही तुझा तो चेहरा दिसतो. इतक्या प्रेमाने एखादी गोष्ट बघणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

तो माणूस आता म्हणतो डोकं लावणं बंद.

बरं, माझी थिअरी ऐक आणि फोड. रोझने 2005 मध्ये टार्डिसच्या गाभ्यात बघितलं आणि ती शक्ती तिच्यातून वाहिली, डॉक्टरने ती स्वतःत ओढून परत टार्डिसला दिली. 2013 मध्ये ते मोमेंट नावाचं अस्त्र माणसासारखं समोर आलं तेव्हा त्यानेही रोझचाच चेहरा घेतला. म्हणजे तो चेहरा दोनदा अशा कुणीतरी वापरलाय ज्याच्यापुढे काळ वाकतो. आता डॉक्टरने टार्डिसमध्ये उभं राहून एका लहान मुलीला परत आणण्यासाठी सगळं ओतलं, स्वतःसाठी काही उरलं नाही. मग रिकाम्या जागी कोण आलं? मला वाटतं टार्डिस आली. तो मरू नये म्हणून तिने स्वतः त्याच्या शरीरात पाऊल टाकलंय आणि चेहरा घेतला तो तिच्या गाभ्यात डोकावलेल्या मुलीचा. म्हणून क्रेडिट्समध्ये डॉक्टर हा शब्द नाही. यात एक भोक आहे ते मला दिसतंय, 2022 मध्ये डेव्हिड टेनंटचा, एका आधीच्या डॉक्टरचा, जुना चेहरा परत आला होता तेव्हा टार्डिसचा संबंध नव्हता, मग लगेच दुसऱ्यांदा जुना चेहरा येण्याला दुसरं कारण कसं चालेल. ते मला जोडता येत नाहीये. तुला येईल.

ख्रिसमसला दुसरंच काही निघालं तर निघू दे, सिक्स बी जुळायला किती वर्षं गेली ते आपल्याला माहितीये.

वहीत शेवटचं किती लिहिलंयस ते बघून कळव. माझ्या आठवणीत मागची तीन-चार पानं कोरी होती.

तुझाच,
मी

ता. क. टेनंटवालं भोक आधी बघ, बाकीचं नंतर.