सोर्स-लेव्हल डीबगरमधील त्रुटीबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक साहाय्य विभाग

विषय : कॉमन लिस्प या प्रोग्रॅमिंग भाषेच्या प्रणालीतील डीबगर (दोष शोधण्याचे साधन) मॅक्रोच्या आत पायरी टाकत नसल्याबाबत.

महोदय,

आपल्या कॉमन लिस्प प्रणालीचा व्यावसायिक परवाना आम्ही मुख्यतः तिच्यातील सोर्स-लेव्हल डीबगरसाठी, म्हणजे प्रोग्रॅमच्या मूळ मजकुरावरच दोष दाखवणाऱ्या साधनासाठी, घेतला. ब्रेकपॉइंट (थांबण्याची खूण) लावल्यावर प्रोग्रॅम मूळ मजकुरातील नेमक्या पदावलीवर (एक्स्प्रेशनवर) थांबेल आणि तेथून एकेक पायरी पुढे नेता येईल, असे आपल्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिले आहे. साध्या फंक्शनांच्या बाबतीत तसे घडतेही. परंतु आमची प्रत्येक चाचणी आमच्याच एका मॅक्रोच्या (चालवण्याआधी दुसऱ्या कोडमध्ये विस्तारल्या जाणाऱ्या रचनेच्या) आत लिहिलेली असते, आणि तेथे कर्सर मॅक्रोच्या पहिल्या कंसावर जो बसतो तो चाचणी संपेपर्यंत हलत नाही. चाचणी नापास झाली एवढेच कळते, कोणत्या पदावलीचे मूल्य चुकले ते कळत नाही. जागोजागी प्रिंट पेरूनच दोष शोधायचा, तर डीबगर विकत कशाला घ्यायचा?

ऑप्टिमाइझ घोषणेत (कंपायलरला दिलेल्या सूचनेत) डीबगची पातळी ३ करावी, असे आपल्या तांत्रिक विभागाने सुचवले. त्याने स्थानिक चले आणि टेल कॉलमध्ये (फंक्शनने अगदी शेवटी दुसऱ्या फंक्शनला बोलावताना) नाहीशा होणाऱ्या फ्रेम (चालू फंक्शनांच्या नोंदी) दिसू लागल्या, मूळ अडचण तशीच राहिली. त्यावर, कॉमन लिस्पच्या १९९४ च्या आन्सी (अमेरिकी) मानकाने ‘स्टेप’चे (एकेक पायरीने चालवण्याच्या सोयीचे) वर्तन प्रत्येक प्रणालीवर सोपवले आहे, असे उत्तर आले. ते खरे आहे. मात्र माझी तक्रार मानकाबद्दल नसून आपल्या माहितीपत्रकाबद्दल आहे.

रीडर (प्रोग्रॅमचा मजकूर वाचणारा भाग) मजकुराच्या याद्या बनवतो तेव्हा ओळींचे क्रमांक त्या याद्यांत उरत नाहीत, म्हणून प्रत्येक यादीचे मूळ स्थान वेगळ्या तक्त्यात जपावे लागते, हे मी जाणतो. मॅक्रोने आतला मजकूर फोडून नव्याने रचला, तर हा दुवा तुटणे समजू शकते. आमचा मॅक्रो मात्र बॅककोट (साचा लिहिण्याचे चिन्ह) वापरून आतल्या पदावल्या जशाच्या तशा विस्तारात ठेवतो. त्या याद्या त्याच असल्याने तक्त्यात सापडायलाच हव्यात. विनामूल्य मिळणाऱ्या ईमॅक्स या मजकूर-संपादकातील ईडीबग हा डीबगर, मॅक्रोच्या व्याख्येत डीबगची घोषणा असली की, आतल्या प्रत्येक पदावलीच्या आधी व नंतर थांबतो आणि तिचे मूल्यही दाखवतो. तो ईमॅक्स लिस्पपुरताच आहे हे मान्य, पण निदान तशी घोषणा लिहिण्याची सोय तरी आपण द्यायला हवी होती.

दोष दाखवणारा मॅक्रो आणि एक छोटी चाचणी सोबत जोडली आहे. ही दुरुस्ती वेगळे शुल्क न आकारता कोणत्या आवृत्तीत मिळेल ते लेखी कळवावे. ती होणार नसल्यास परवान्याचे शुल्क परत करावे.

आपला,
एक परवानाधारक ग्राहक