जाम बोल्टसाठी गाडीखाली आग पेटवू नका

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत घरच्या घरी गाडीची कामं कशी करावीत यावर अर्धं पान छापलंत, बरं वाटलं, कारण आपल्या बडोद्यात जुन्या गाड्या जीव लावून सांभाळणारे आणि सुट्टीच्या दिवशी चटई टाकून गाडीखाली आडवे होणारे लोक भरपूर आहेत आणि त्यांच्यासाठी मराठीत कोणी काही लिहीत नाही. पण त्यात एक ओळ अशी आहे की ड्राइव्हशाफ्टचा, म्हणजे इंजिनची ताकद चाकांपर्यंत नेणाऱ्या दांड्याचा, बोल्ट जाम असेल तर गॅस टॉर्चने तापवा, लगेच सुटेल. बास, एवढंच. कुठला बोल्ट, कुठल्या बाजूचा, आजूबाजूला काय आहे, काही नाही. एखादा हौशी माणूस हे वाचून खरंच टॉर्च घेऊन पोर्चमध्ये गाडीखाली शिरेल, म्हणून हे पत्र. लांबलंय, कापायचं तर कापा, फक्त आगीचं तेवढं ठेवा.

तापवणं हा उपाय खोटा नाहीये. नट तापला की फुगतो, गंजाची पकड तुटते, गॅरेजवाले रोज करतात. पण ते लिफ्टवर गाडी चढवून, उभं राहून, हाताशी पाणी आणि फायर एक्स्टिंग्विशर ठेवून करतात, निदान करायला पाहिजे. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत गिअरबॉक्सकडच्या जॉइंटचे बोल्ट असतात ना, त्यांच्या अगदी शेजारी रबरी बूट, म्हणजे जॉइंटवरचं रबरी आवरण, असतो आणि त्यात ग्रीस भरलेलं असतं, मागे गिअरबॉक्सचा ऑइल सील, तेल गळू न देणारी रबरी कडी. एका बोल्टसाठी बूट करपला की तो शंभर रुपयांचा बोल्ट हजारोंत जातो. आणि ज्या गाड्यांना मधून लांब प्रोपेलर शाफ्ट जातो, म्हणजे ओम्नी, बोलेरो वगैरे, त्यांच्या मागच्या फ्लँजपाशी, म्हणजे बोल्ट मारलेल्या जोडाच्या चकतीपाशी, डिफरन्शियलचा (मागच्या चाकांच्या मधल्या गिअरच्या डब्याचा) सील आहे, आणि पेट्रोल-डिझेलची टाकी किंवा नळी किती जवळ आहे हे खाली वाकून बघितल्याशिवाय कळत नाही. त्यात आदल्या रात्री बोल्टवर रॉकेल किंवा स्प्रे मारलेला असतो. आता विचार करा.

माझ्या ओम्नीच्या वेळी जवळच्या गॅरेजमधला पोरगा मदतीला आला होता, बोल्ट हलेना म्हटल्यावर तो सरळ म्हणाला, "काका, आ तो जाम थई गयुं छे, गरम करी दऊं?" आणि टॉर्च आणायला निघालासुद्धा. मी म्हटलं आधी टाकी कुठंय ते बघ. त्याने खाली वाकून बघितलं आणि गप्प बसला. पोरगा हुशार आहे, हात चांगला आहे त्याचा, पण त्याला शिकवलंच तसं गेलंय.

हे बोल्ट आत्ताच का एवढे छळतायत त्याचंही कारण सांगतो. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीने धोक्याची २६ फुटांची पातळी कधीच मागे टाकली आणि पाणी ३५ फुटांवर गेलं, तेव्हा किती सोसायट्यांतल्या गाड्या बुडाल्या ते सगळ्यांनी बघितलंय. पाणी उतरल्यावर लोकांनी इंजिन उघडून साफ केलं, सीटा उन्हात टाकल्या, इन्शुरन्सच्या मागे पळाले, पण गाडीच्या पोटाखाली कोणी बघितलंच नाही. तो गाळ बोल्टच्या आट्यांमध्ये जाऊन वाळला, गंजाला ओल मिळत राहिली. गंज मूळच्या लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून तो आट्यांत वाढला की नट-बोल्ट पाचर मारल्यासारखे घट्ट बसतात. तिथे नुसतं दंड थोपटून काही होत नाही, बोल्टचं डोकं तेवढं गोल होतं.

मग करायचं काय? आधी साफसफाई, आणि यात घाई करणाऱ्याचा दिवस वाया जातो. वायर ब्रशने बोल्टच्या बाहेर आलेल्या आट्या अगदी चकचकीत होईपर्यंत घासायच्या. काही युरोपियन गाड्यांत बोल्टच्या डोक्याला बाहेरून कोन नसतात, आत बारा टोकांचा खड्डा असतो, त्यात ग्रीस आणि माती इतकी दाबून बसलेली असते की बिट अर्धाच आत जातो, माणसाला वाटतं बसला, जोर लावला की टोकं खरवडून निघतात आणि मग तो बोल्ट कोणाच्याच हातचा राहत नाही. दाभण घ्या, घरात असतंच, त्याने तो खड्डा तळापर्यंत कोरून काढा, ब्रेक क्लीनरने धुवा, मग बिट घालून वरून हातोडीचे दोन ठोके द्या. बसल्याचा आवाजच वेगळा येतो, ठक असा. तो येईपर्यंत पाना लावायचा नाही. बारा टोकांच्या खड्ड्यात सहा कोनांची ॲलन की ठोकून बसवणारे पण बघितलेत, त्यांच्याबद्दल न बोललेलं बरं.

बाहेरून सहा कोनांचं डोकं असेल तर सहा कोनांचीच गोटी (सॉकेट) घ्या, बारावाली नको, ती कोपऱ्यावर धरते आणि कोपरा खाते. फिक्स पान्याचं तर नावच काढू नका. तेल आदल्या रात्री सोडायचं, सकाळी परत. डब्ल्यूडी-४० चालतं, पण गंज सोडवण्यासाठी म्हणून जे पातळ पेनिट्रेटिंग ऑइल मिळतं ते जास्त आत उतरतं. मग बोल्टच्या डोक्यावर सरळ, नेमके ठोके. हाणायचं नाही, हादरा द्यायचा, त्याने गंजाला बारीक तडे जातात आणि तेलाला वाट मिळते.

यानंतर सोडवायच्या आधी जरासा आवळायच्या दिशेने दाब द्या. विचित्र वाटेल पण कित्येकदा गंजाची पहिली पकड तिथेच मोडते, टक् असा बारीक आवाज येतो आणि मग तो उलटा सुखाने फिरतो. आणि हो, गाडीखाली उताणं पडल्यावर डावं-उजवं डोक्यात उलटं होतं, त्यामुळे बोल्टच्या डोक्याकडे तोंड करून घड्याळाच्या उलट दिशा कोणती ते आधी बोटाने हवेत फिरवून बघा, हसू आलं तरी बघा. जोर कमी पडत असेल तर टॉमी (गोटी फिरवायचा दांडा) लांब घ्या किंवा वर पाइप चढवा. २५ किलोचा जोर ६० सेंटीमीटरच्या टोकाला लावला की जवळपास १५० न्यूटन मीटर (पिळण्याच्या जोराचं माप) होतात, प्रोपेलर शाफ्टच्या बोल्टला पुष्कळ झाले, त्यातही निघत नसेल तर पाइप वाढवू नका, परत तेल सोडा आणि उद्या या.

शाफ्ट फिरू नये म्हणून मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत हँडब्रेक ओढायचा, त्यानंतरचा बोल्ट समोर आणायला ब्रेक सोडून शाफ्ट फिरवायचा, पण त्यासाठी मागचं एक चाक उचललेलं लागतं आणि इथेच लोक जिवाशी खेळतात. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली जायचं नाही. विटाही नकोत, वीट भार आला की फुटते. लोखंडी घोडी (जॅक स्टँड) लावा, बाकीच्या चाकांना लाकडाचे ठोकळे द्या. आणि जिथे हात पोचतो तिथे पहिला झटका चारी चाकं जमिनीवर असतानाच द्या, कारण पाइपला हिसका मारताना घोडीवरची गाडी हलते. फ्लँज सुटण्याआधी दोन्ही तुकड्यांवर पेंटची एक रेघ मारून ठेवा, तसंच परत जुळवलं नाही तर गाडी स्पीडला थरथरू शकते. शाफ्ट दोरीने बांधून ठेवा, छातीवर पडला तर कळेल किती जड असतो.

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत शाफ्टच्या टोकाला, चाकाच्या मधोमध असतो तो मोठा नट ही वेगळीच जात. त्याची कड ठोकून शाफ्टच्या खाचेत दाबलेली असते, ती आधी छिन्नीने उचलायची, तसाच फिरवला तर आट्या जातात. तो गाडी जमिनीवर आणि कोणीतरी ब्रेक दाबून बसलेला असतानाच सैल करायचा. सैल झाल्यावर गाडी ढकलू नका, बेअरिंग खराब होतं. परत बसवताना नवीन नट.

आता गॅरेजवाल्यांबद्दल, कारण अर्धं पाप त्यांचं आहे. बोल्ट आवळताना लावलेल्या जोरातला साधारण ९० टक्के घर्षणातच जातो, पकडीसाठी उरतो थोडासा, म्हणून आट्या स्वच्छ आहेत का आणि जोर किती लावायचा हे ठरलेलं असतं, पुस्तकात छापलेलं असतं. आपल्याकडे हवेची गन लावली, घर्रर्र केलं, झालं. माझ्या गाडीला एका गॅरेजने मागच्या वेळी प्रोपेलर शाफ्टला साधे हार्डवेअरचे बोल्ट मारून दिले होते, डोक्यावर कुठला ग्रेड, म्हणजे मजबुतीचा आकडा, नाही काही नाही, आणि एकाच्या आट्यांचा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतरच वेगळं. १० मिलीमीटरचा बोल्ट १.५ च्या पिचमध्येही येतो आणि १.२५ च्याही, दिसायला सारखाच, गनने आवळला की आट्या कापत आत जातो आणि मग निघताना रडवतो. काढलेला बोल्ट सोबत घेऊन जा आणि डोक्यावर त्याच्याएवढाच आकडा, ८.८ किंवा १०.९, बघूनच नवीन घ्या. मकरपुरा जीआयडीसीकडे चांगले बोल्ट मिळतात, चार पैसे जास्त जातात. सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन काढून ज्या गावात कारागिरी शिकवायची सोय केली, त्या गावात टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या जोराने आवळायचा पाना, मागितला की गॅरेजवाला आपल्याकडे बघत बसतो, याला काय म्हणावं.

डोकं गोल झालंच आणि पलीकडे नट असेल तर हॅकसॉने कापून काढा, बोल्ट स्वस्त आहे. पलीकडे नट नसून बोल्ट थेट फ्लँजमध्ये गेलेला असेल तर मात्र गाडी माहीतगार माणसाकडे न्या, तापवायचं की वेल्डिंग करून काढायचं ते तो बूट-सील झाकून ठरवेल.

तर विनंती एवढीच की त्या एका ओळीबद्दल पुढच्या रविवारी त्याच पानावर, त्याच आकारात खुलासा छापा. कोपऱ्यात बारीक टाइपमध्ये नको, ते कोणी वाचत नाही.

आपला,
एक जुना वाचक
दांडिया बाजार, बडोदा