लिंबू शेवटी

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "बाबा, रविवारी संध्याकाळी चौघंजण येतायत, तू ते काकडीचं करतोस ना, ते कसं करायचं?" आणि मी "सांगतो, सांगतो" म्हणत फोन आईच्या हातात दिला. खरं कारण असं, की मुलीला जिनचं माप तोंडी सांगायला जीभ रेटेना. तू काय प्यायचं ते तुझं तू ठरवणार, हे मला केव्हाच मान्य आहे. पण मान्य असणं वेगळं आणि "पंचेचाळीस मिली ओत" असं तोंडाने म्हणणं वेगळं. म्हणून हे पत्र. लिहिताना माणूस जरा धीट होतो.

पेय साधं आहे. जिन, लिंबू, साखरेचा पाक, पुदिना, काकडी आणि वर सोडा. जिन, लिंबू, पुदिना, साखर एवढ्यालाच साउथसाइड म्हणतात. त्यात काकडी पडली की काहीजण ईस्टसाइड म्हणतात. सोडा ओतला की फिझ. या नावांच्या भानगडीत तू पडू नकोस. पाहुण्यांत एखादा जाणकार निघालाच तर त्याला सांग, की १८०६ साली न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावच्या एका वर्तमानपत्रात 'कॉकटेल'ची व्याख्या छापून आली होती: मद्य, साखर, पाणी आणि बिटर्स, म्हणजे थेंबभर घालायचा कडू अर्क. त्या हिशेबाने आपलं हे कॉकटेलच नव्हे. एवढ्यावर तो गप्प बसेल, नाहीतर निदान ग्लास संपेपर्यंत बोलत तरी राहील.

सोबत काय, हा प्रश्न तू विचारला नाहीस, पण तोच महत्त्वाचा. तळलेलं काही करू नकोस. तळणीपुढे काकडीची चव लागतच नाही. ॲस्परॅगस आणि मटार कर, लोण्यात परतून. सध्या दोन्हींचा मोसम आहे आणि दोन्हींना फार काही करावं लागत नाही. ॲस्परॅगस हा आपल्या शतावरीच्याच कुळातला. शतावरीची मुळं वापरतात, याचे मातीतून नुकते वर आलेले कोंब. तोडले नाहीत तर त्यांचं पिसासारखं झुडूप होतं. लावल्यावर पहिली एक-दोन वर्षं कोंबांना हात लावायचा नसतो, मुळांना जोर धरू द्यायचा. मग तोच वाफा पंधरा-पंधरा वर्षं देत राहतो.

आता त्या पेयाची आणि या भाजीची सोयरीक कशी जमते ते सांगतो, कारण मला स्वतःला ते उशिरा कळलं. जिनचा मुख्य वास ज्युनिपरच्या फळांचा, ते सगळे सांगतात. पण बहुतेक जिनमध्ये त्यांच्या खालोखाल असतात चक्क धने! शिवाय लिंबाची किंवा संत्र्याची साल. हे वाचलं त्या दिवशी मी भाजीतल्या लोण्यात अर्धा चमचा धने भरड कुटून टाकले आणि तोवर शेजारी शेजारी बसलेले ग्लास आणि ताटली एकमेकांशी बोलायला लागले. लिंबू दोन्हींत, पुदिना दोन्हींत, धने दोन्हींत. आणखी काही घालायचा मोह झाला तर आवर. आई म्हणते थोडा लसूण चालेल. नाही चालत. लसणापुढे पुदिना तोंड मिटून बसतो.

बाजारहाट शनिवारी कर. ॲस्परॅगसचे शेंडे घट्ट मिटलेले हवेत, खालचं टोक सुकून वळलेलं नको. जुडी हातात धरून काड्या एकमेकींवर घास. ताजी असेल तर करकर आवाज येतो. घरी आणल्यावर फुलांसारखी, दोन बोटं पाण्यात उभी करून फ्रिजमध्ये ठेव. पुदिनाही तसाच, फक्त फ्रिजबाहेर. मटाराच्या शेंगा त्याच दिवशीच्या मिळाल्या तर उत्तम, नाहीतर सरळ गोठवलेले आण, त्यात कमीपणा नाही. तोडल्यापासून मटारातली साखर पिठूळ व्हायला लागते, त्यामुळे चार दिवस पडून असलेल्या शेंगांपेक्षा तोडल्यावर लगेच गोठवलेला दाणा बहुतेक वेळा गोडच निघतो. लिंबं मोठी पिवळी घे, तीन, जाड सालीची चालतील. काकडी आधी चाखून बघ. कडवटपणा देठाकडच्या टोकाला आणि सालीलगत जास्त असतो. ते टोक कापून टाक, आणि तरीही कडू लागली तर दुसरी घे. एक कडू काकडी चारही ग्लास बिघडवते.

आणि आता ते, ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं. लिंबू शेवटी. ग्लासातही आणि ताटलीतही.

ताटलीचं आधी सांगतो. हिरव्या भाजीचा हिरवा रंग ज्या द्रव्यामुळे असतो त्याच्या पोटात मॅग्नेशियमचा एक अणू असतो. आंबट लागलं आणि उष्णता मिळाली, की तो अणू निघून जातो आणि रंग शेवाळी, मरगळलेला होतो. माझ्या हातून हे झालंय. पहिल्यांदा केली तेव्हा मी मोठ्या हौसेने कढईतच लिंबू पिळलं, झाकण ठेवलं आणि पाहुण्यांची वाट बघत बसलो. ते पाऊण तास उशिरा आले. झाकण काढलं तर आत जुन्या लष्करी गणवेशाचा रंग. चवीला ठीक होती, पण कुणी दुसऱ्यांदा वाढून घेतली नाही आणि मी कारण विचारलं नाही.

ग्लासाचं वेगळं. लिंबाचा रस पिळून तासन् तास ठेवला की त्याचा टवटवीतपणा जातो, आंबटपणा उरतो. म्हणून सकाळी काही पिळायचं नाही. पण साल मात्र दुपारीच किसून ठेव, आणि रस काढायच्या आधी किस, कारण पिळलेल्या लिंबाची साल किसताना ते हातात लिबलिबतं आणि बोटंच किसली जातात. फक्त पिवळा भाग घ्यायचा. खालचा पांढरा लागला की कडू.

दुपारी आणखी दोन कामं. एक वाटी साखर, एक वाटी पाणी, साखर विरघळेपर्यंत गरम कर, पाक झाला. उकळत बसू नकोस, आपल्याला तार काढायची नाहीये. त्यातला अर्धा पाक वेगळ्या भांड्यात काढून, गरम असतानाच त्यात चमचाभर कुटलेले धने टाक आणि वीस मिनिटांनी गाळ. हा कशाला ते पुढे सांगतो.

मग भाजी. ॲस्परॅगसची काडी वाकवून जिथे तुटेल तिथून खालचं टाकून द्या, असं सगळीकडे सांगतात. तसं करू नकोस. काडी कुठे तुटते ते तू कुठे धरलीस यावरही असतं. बरंचसं चांगलंही फुकट जातं. तळातलं बोटभर कापून टाक आणि त्यावरची साल सोलाण्याने हलकी काढ, आत कोवळंच असतं. तिरके, दोन बोटं लांब तुकडे कर, शेंडे वेगळे ठेव. मोठ्या भांड्यात भरपूर पाणी, त्यात मीठ सढळ हाताने, पाणी खारट लागलं पाहिजे. खळखळून उकळलं की देठाचे तुकडे टाक, मिनिटभराने शेंडे आणि मटार, आणि आणखी एक मिनिट. एक तुकडा काढून खाऊन बघ. दाताला थोडा विरोध हवा. लगेच उपसून बर्फाच्या पाण्यात. गार झाले की निथळून फडक्यावर पसर, कोरडे होऊ देत. ओले लोण्यात टाकलेस तर परतले न जाता पुन्हा उकडतील. इथवर झालं की भाजी संध्याकाळपर्यंत तुझी वाट बघत बसते, रंग हलत नाही.

संध्याकाळी माणसं येऊन बसली, की आधी ग्लास. एका ग्लासाचं माप: जिन ४५ मिली, लिंबाचा रस २० मिली, पाक २० मिली, काकडीच्या तीन जाड चकत्या, पुदिन्याची सहा-सात पानं, सोडा ७० मिलीच्या आसपास. चार जणांसाठी ८० मिली रस, म्हणजे दोन लिंबं; तिसरं भाजीला आणि चुकीला. शेकरमध्ये काकडी आणि पाक घालून लाटण्याच्या टोकाने काकडी ठेच, चांगली पाणी सुटेपर्यंत. पुदिना मात्र ठेचायचा नाही. त्याचं तेल पानाच्या वरच बारीक ग्रंथींत असतं, बर्फाबरोबर हलवताना ते आपसूक निघतं. पान चुरगळलंस तर गवत चघळल्यासारखी चव उतरते. मग पुदिना, जिन, रस, आणि शेकर काठोकाठ बर्फ. दहा-बारा सेकंद जोरात हलव, बाहेरून दव धरेपर्यंत. एका वेळी दोनच ग्लासांचं कर.

शेकर नसेल तर घट्ट झाकणाची बरणी घे. पण सोडा बरणीत नाही! हे मी अनुभवाने सांगतोय. सगळं एकदम हलवून मोकळं व्हावं म्हणून मी एकदा सोडाही आत ओतला होता. झाकण छताला लागून खाली आलं, आईच्या चष्म्यावर पुदिन्याचं एक पान चिकटलं आणि ती काही बोलली नाही. त्या न बोलण्याला मी अजून घाबरतो.

बर्फाची काटकसर करू नकोस. कमी बर्फ घातला की पेय कमी पाणचट होईल असं वाटतं, होतं उलटं. शून्य अंशाचा एक ग्रॅम बर्फ वितळताना जेवढी उष्णता ओढून घेतो, तेवढ्या उष्णतेत एक ग्रॅम पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापलं असतं. पेय गार होतं ते या वितळण्यानेच, तेव्हा थोडं पाणी उतरणार, ते मापात धरलेलं आहे. ग्लास बर्फाने भरलेला असला की आतलं गार राहतं आणि पुढचा बर्फ सावकाश वितळतो. दोनच खडे टाकलेस तर दहा मिनिटांत खडेही गेले आणि थंडावाही. ताज्या बर्फाने भरलेल्या ग्लासात गाळ, वर फ्रिजमधला गार सोडा, चमच्याने तळातून एकदाच हलकं उचल. वरच्या पुदिन्याच्या शेंड्याला दोन तळहातांत एक टाळी दे आणि मग खोच. प्यायच्या आधी नाकाला तोच लागतो.

ग्लास हातात दिले की भाजीला फक्त दोन-तीन मिनिटं. पसरट तव्यात चमचाभर लोणी, फेस आला की धने, वास सुटला की भाजी, दीड-दोन मिनिटं परत. गॅस बंद. मग किसलेली साल, हाताने तोडलेला पुदिना, मिरी. लिंबू ताटलीत वाढल्यावर पिळायचं, तेही पाहुण्यांसमोर. तुझ्या त्या मैत्रिणीला आधीच सांगून ठेव, की ॲस्परॅगस खाल्ल्यावर लघवीला विचित्र वास येतो, आणि तो सगळ्यांनाच जाणवतो असंही नाही. मला कुणी सांगितलं नव्हतं. मी दोन दिवस पाणी जास्त पीत होतो आणि डॉक्टरांचा नंबर शोधत होतो.

आता बाप म्हणून थोडं. ४५ मिली मोजून ओत, अंदाजाने नको. ४० टक्क्यांची जिन असेल तर त्यात साधारण १४ ग्रॅम निव्वळ अल्कोहोल येतं. हे पेय सरबतासारखं लागतं, तहान लागलेला माणूस ते पाच मिनिटांत संपवतो आणि दुसरं मागतो, आणि शरीराला पहिलंच निस्तरायला तासभर तरी लागतो. म्हणून पाण्याचा तांब्या टेबलावर आधीपासून असू दे, आणि गाडी चालवत जाणाऱ्याला दुसऱ्या पाकाचं दे. धन्याचा तो पाक त्याच्यासाठीच. जिन वगळून बाकी सगळं तसंच, धन्याचा पाक २५ मिली, सोडा थोडा जास्त आणि मिठाची चिमूट. ग्लास तोच, वरचा पुदिना तोच. न पिणाऱ्याला वेगळा, बुटका ग्लास देऊ नये. आणि का पीत नाही हे विचारू नये, कारण कारण सांगावं लागलं की माणूस त्या संध्याकाळपुरता पाहुणा राहत नाही.

आईने वाचलं. तिचं म्हणणं, लसणाबद्दल मी उगाच हट्ट धरतोय. तू दोन्ही करून बघ आणि तिला सांगू नकोस.

एक राहिलं. गाळण्याला बारीक जाळीची गाळणी लागेल, नाहीतर काकडीचा चोथा दातांत येतो. चहाची चालेल. पण आदल्या रात्री सोडा घालून गरम पाण्यात बुडवून ठेव, खायचा सोडा, बाटलीतला नव्हे. चहाच्या वासाची जिन मी प्यायलोय.

तुझा,
बाबा