काकांची जखम आणि दाबाखालचा ऑक्सिजन

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

काकांच्या पायाच्या जखमेसाठी हायपरबॅरिक ऑक्सिजन, म्हणजे बंद चेंबरमध्ये वाढीव दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन, सुचवलाय ना? मग आधी सर्जनला दोन गोष्टी विचार: कुजलेलं मांस पूर्ण काढलंय का, आणि पायाच्या मोठ्या रक्तवाहिन्या मोकळ्या आहेत का? पू आत साचलेला असेल किंवा रक्तच पोचत नसेल, तर चेंबरमध्ये झोपवून काही साधत नाही. सुरी आणि अँटिबायोटिक आधी, ऑक्सिजन त्यांच्या जोडीला.

जोडीला मात्र तो कामाचा आहे. साध्या हवेत 100 मिलिलिटर रक्तात विरघळलेला ऑक्सिजन जेमतेम 0.3 मिलिलिटर असतो, बाकी सगळा हिमोग्लोबिनवर. साध्या हवेच्या तिप्पट दाबाला (म्हणजे तीन वातावरणं) शुद्ध ऑक्सिजन घेतला की विरघळलेलाच सुमारे 6 मिलिलिटर होतो. सुजलेल्या जखमेत पांढऱ्या पेशी जंतू गिळतात, पण त्यांना मारायला ऑक्सिजन हवा. अमिकासिनसारखं अँटिबायोटिकसुद्धा ऑक्सिजनविना जंतूत नीट शिरत नाही.

जखमेशेजारी त्वचेवर सेन्सर लावून ऑक्सिजन मोजतात. चेंबरबाहेर 40 मिमी पाऱ्याच्या खाली आणि चेंबरमध्ये 200 च्या वर आकडा आला, तर आशा धरायला जागा आहे.

जुन्या जखमेला साधारण 2 ते 2.4 वातावरणं, दीड तास, आठवड्यातून पाच दिवस, अशा 30-40 फेऱ्या. मधेमधे पाच मिनिटं साधी हवा देतात, नाहीतर मेंदूवर ताण येऊन फिट येऊ शकते. गॅस गँग्रीनचा (जंतूंमुळे मांस झपाट्याने कुजून त्यात वायू होतो, त्याचा) हिशेब निराळा: तिथे पहिल्या 24 तासांत तीन फेऱ्या, तेही ऑपरेशन न लांबवता.

सगळ्यात जास्त त्रास कानांचा. दाब वाढताना गिळत राहायचं, नाक दाबून हलकेच फुंकायचं, आणि दुखलं की त्याच क्षणी सांगायचं; काका सोसत बसणारे आहेत, म्हणून मुद्दाम लिहितोय. सर्दी असेल तर फेरी पुढे ढकला. आत साखर उतरते, तेव्हा उपाशीपोटी पाठवू नकोस, आधी मोजून घे. छातीचा एक्स-रे हवाच: फुफ्फुसाबाहेर हवा अडकली असेल आणि ती काढली नसेल, तर चेंबरमध्ये अजिबात जायचं नाही. कपडे फक्त सुती, तेल-मलम-अत्तर नाही, मोबाइल नाही. शुद्ध ऑक्सिजनमध्ये ठिणगीला वेळ लागत नाही. फेऱ्या वाढल्या की लांबचं धूसर दिसेल. चष्मा लगेच बदलू नका, काही आठवड्यांत बहुधा पूर्ववत होतं.

फुगवायच्या पिशवीसारख्या चेंबरमध्ये 1.3 वातावरणांच्या आसपासच दाब असतो. त्यावर पैसे घालू नकोस.

जखमेचा फोटो दर आठवड्याला मोजपट्टी शेजारी ठेवून काढ. वीसेक फेऱ्यांनंतर माप तेवढंच राहिलं, तर पुढच्या फेऱ्या घेण्याआधी हाडात जंतू शिरलेत का ते बघायला एमआरआय करायला सांग.

तुझा,
अनिल