नावाला कॉपीराइट मिळत नाही, एवढं अर्जावर छापा

मा. मंत्रिमहोदय,

स. न. वि. वि.

बौद्धिक संपदेचा कारभार आपल्या खात्याकडे येतो, म्हणून हे पत्र. मी बोधचिन्हं आणि लेबलं काढून पोट भरते.

मध्यंतरी एक गृहस्थ लेबल नव्याने करून घ्यायला आले. फोल्डरमध्ये लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट. "ताई, नावाची काळजी नाही, कॉपीराइट करून घेतलाय." सर्टिफिकेट अस्सल होतं, पण लेबलवरच्या चित्राचं. त्यांच्या एजंटाने 'नाव तुमचं झालं' म्हणून सांगितलं आणि त्यांनी हजारो डबे छापून घेतले. मी ट्रेडमार्कची ऑनलाइन नोंदवही उघडली. तेच नाव, तसलाच माल, मालक तिसराच, आणि नोंदणी यांच्या आधीची! गृहस्थ बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले.

चूक त्यांची म्हणावी तर अर्जात तरी हे कुठे लिहिलंय? लोक तर सरसकट 'नाव पेटंट केलंय' असंही म्हणतात; पेटंट तर नव्या शोधाला असतं.

कॉपीराइट असतो कृतीला, म्हणजे लेख, चित्र, चाल, फोटो, संगणकाचा प्रोग्रॅम यांना. डोक्यातल्या कल्पनेला नाही, ती ज्या शब्दांत किंवा रेषांत उतरली त्यांना. एकटंदुकटं नाव किंवा छोटं घोषवाक्य त्यात सहसा बसतच नाही. शिवाय कॉपीराइटच्या १८८६ च्या आंतरराष्ट्रीय बर्न करारात सामील असलेल्या देशांत हा हक्क मिळायला नोंदणीची अट नाही. कृती साकारली की हक्क आला. नोंदणीचा कागद वाद झाला तर पुरावा म्हणून कामी येतो, एवढंच. मुदत साधारणपणे निर्मात्याच्या हयातीत आणि त्यानंतर निदान ५० वर्षं. कित्येक देशांत ७०.

ट्रेडमार्कची गोष्ट निराळी. माल कुणाचा, हे गिऱ्हाइकाला ओळखू यावं म्हणून ते चिन्ह. ते मिळतं ठरावीक वर्गापुरतं: 'नीस' या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात मालाचे ३४ आणि सेवांचे ११ वर्ग आहेत. म्हणून साबणाचं नाव पाण्याच्या पंपावरही दिसू शकतं, दोघेही कायद्याने बरोबर. (फार नावाजलेल्या चिन्हांची गोष्ट वेगळी.) बहुतेक ठिकाणी दर १० वर्षांनी नूतनीकरण करत राहिलं, तर ट्रेडमार्क कितीही काळ टिकतो. पण वापरलाच नाही तर रद्दही होऊ शकतो. 'ॲस्पिरिन' हे एकेकाळी बायर या जर्मन औषध कंपनीचं चिन्ह होतं. अमेरिकेत ते औषधाचंच सर्वसामान्य नाव होऊन बसलं आणि हक्क गेला.

दोन्ही हक्क एकाच चित्रावर असू शकतात, गोंधळ होतो तो इथेच. मिकी माउसच्या १९२८ च्या 'स्टीमबोट विली' या कार्टूनपटाचा कॉपीराइट अमेरिकेत १ जानेवारी २०२४ ला संपला; तरी मिकी माउस डिस्नेचा ट्रेडमार्क म्हणून शाबूत आहे. आमच्या धंद्यातला पेच तर याहून अवघड: बऱ्याच देशांत लेखी करार नसेल, तर पैसे मोजून करून घेतलेल्या बोधचिन्हाचा कॉपीराइट बाहेरच्या चित्रकाराकडेच राहतो. माझ्या फायद्याचं आहे, तरी सांगते.

माझं मागणं छोटं आहे. कॉपीराइटच्या अर्जावर, सहीच्या जागेच्या लगेच वर, ठळक अक्षरांत छापा: 'या नोंदणीने नावाचा हक्क मिळत नाही. नावासाठी ट्रेडमार्कची नोंदवही आधी तपासा.' आणि ट्रेडमार्कच्या अर्जावर: 'हा हक्क निवडलेल्या वर्गांसाठी आणि याच देशापुरता आहे.' सर्टिफिकेटवरही हेच यावं, कारण अर्ज एजंट भरतो, भिंतीवर लागतं ते सर्टिफिकेट. यासाठी बर्नला जाऊन करार बदलावा लागणार नाही.

ते गृहस्थ परवा नवं नाव घेऊन आले. पेन्सिल उचलायच्या आधी आम्ही दोघांनी नोंदवही शोधली. तेही नाव गेलेलं होतं. आता तिसरं शोधतायत.

कळावे,

आपली,
बोधचिन्हं काढणारी एक चित्रकार