डावीकडची सीट रिकामी आहे : रस्ते वाहतूक मंत्र्यांना एका नव्या ट्रक ड्रायव्हरचं खुलं पत्र

मा. नितीन गडकरी साहेब,
केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री

साहेब, नमस्कार.

मी जामखेड तालुक्यातला, २५ वर्षांचा. गेले आठ महिने कळंबोलीच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत दहा चाकी गाडीवर ड्रायव्हर आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण माझ्याबरोबर लागलेल्या पोरांना दुसऱ्या कंपन्यांत हेच अनुभव आलेत. तुमच्या नागपूरजवळ बुटीबोरीला गाडी खाली व्हायची वाट बघत केबिनमध्ये बसून हे लिहितोय. नंबर लागायला उद्याची दुपार होईल असं गेटवर सांगितलंय.

कामावर घेतलं त्या दिवशी लायसनची झेरॉक्स, आधार कार्ड, दोन फोटो आणि गावाकडच्या एका माणसाचा फोन नंबर एवढं घेतलं. सुपरवायझरनं विचारलं, "हेवी चालवलंय ना?" ड्रायव्हिंग स्कूलची गाडी चालवली होती, म्हणून मी हो म्हणालो. दोन दिवस यार्डात गाड्या पुढंमागं लावल्या. तिसऱ्या दिवशी चावी, डिझेलचं कार्ड आणि कागदांची फाइल हातात आली : चाकणला जायचं, कास्टिंगचा माल भरायचा आणि तळोज्याला आणायचा. रस्ता विचारला तर मोबाईलकडे बोट दाखवलं. नव्या पोराला गाडी सगळ्यात जुनी मिळते, तशी मलाही मिळाली.

जाताना गाडी रिकामी होती, त्यामुळे काहीच वाटलं नाही. येताना पाठीवर अठरा टन माल होता. दहा चाकी गाडीला मालासकट साडेअठ्ठावीस टनांची परवानगी आहे, म्हणजे आम्ही नियमातच होतो. खंडाळा सोडलं, अमृतांजन पुलाच्या जागेपासून बोरघाटाचा उतार लागला तेव्हा गाडी पाचव्या गिअरमध्ये होती. गाडीनं वेग घेतला की मी ब्रेक दाबायचो, सोडला की पुन्हा वेग. गिअर खाली घ्यायला गेलो तर पडेना आणि गाडी मधल्या मध्ये न्यूट्रल राहिली. कसाबसा पुन्हा पाचवा टाकला. तोवर ब्रेकचं लायनर जळल्याचा वास केबिनमध्ये आला होता, ब्रेकच्या हवेच्या दाबाचा काटा खाली सरकत होता आणि बझर वाजायला लागला होता. पुढे थोडी सपाट कड दिसली. तिथं डावीकडे घेऊन उरलासुरला ब्रेक मारला आणि पार्किंग ब्रेक ओढला. गाडी थांबली. त्या वेळी माझ्या पुढे एखादी कार असती तर आज मी हे पत्र लिहीत नसतो.

मागून येणारा एक टँकर थांबला. सोलापूरकडचे, पन्नाशीचे ड्रायव्हर होते. त्यांनी आधी माझ्या चाकांपुढं दगड लावले, मग मला पाणी दिलं. ब्रेकच्या ड्रमवर पाणी ओतायला मी बाटली उचलली तर हात धरला : तापलेला ड्रम पाण्यानं तडकतो, आपोआप गार होऊ दे. मग त्यांनी सांगितलं की ज्या गिअरला हा घाट चढला असतास त्याच गिअरला उतरायचं, गिअर उतार लागायच्या आधीच पाडायचा, आणि एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून वेग रोखणारा) चालू ठेवून पायाचा ब्रेक शक्यतो लागणारच नाही अशी गाडी धरायची. दहा मिनिटांचं बोलणं होतं ते. माझ्या नोकरीतलं पहिलं प्रशिक्षण मला एका अनोळखी माणसानं एक्सप्रेस वेच्या कडेला उभं राहून दिलं, साहेब. त्यांचं नावसुद्धा विचारायचं राहून गेलं.

घरी फोन केला तेव्हा वडील बराच वेळ काही बोललेच नाहीत. ते स्वतः २६ वर्षं ट्रकवर होते. पण स्टेअरिंग हातात येण्याआधी साडेतीन वर्षं ते किन्नर होते. शहरातले लोक क्लिनर म्हणतात, आमच्याकडे किन्नर. केबिनमध्ये डाव्या बाजूला बसून त्यांनी जे शिकलं ते मला वहीत लिहून काढायला सांगितलं तर दोन वह्या भरतील. टॉमीनं, म्हणजे लोखंडी दांड्यानं, टायरवर ठोकून आवाजावरून हवा ओळखणं. ताडपत्रीची दोरी कुठल्या हुकाला पहिल्यांदा ताणायची. लोखंडाची गाडी आणि कापसाची गाडी वळणावर वेगवेगळी का वागते. कुठल्या ढाब्यावर झोपलं तर डिझेल चोरीला जात नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे उस्तादाचा, म्हणजे ड्रायव्हरचा, डोळा लागतोय हे त्याच्या मानेवरून ओळखायचं आणि बोलतं ठेवायचं.

ते दिवस परत आणा असं मी म्हणत नाही. वडील चौदाव्या वर्षी गाडीवर गेले, पहिल्या वर्षी पगार नव्हता, फक्त जेवण, आणि चूक झाली की उस्तादाच्या हातची चापट. कुठल्याही पोराच्या वाट्याला ते येऊ नये. पण भाडं परवडेनासं झालं तसा मालकांनी किन्नराचा पगार वाचवला. डावीकडची सीट रिकामी झाली, आणि तिच्याबरोबर आमच्या धंद्याची एकुलती एक शाळा बंद पडली. तिच्या जागी दुसरं काही उभं राहिलं नाही.

कायद्यानं काय आहे ते मी वाचलंय. मालवाहू गाडीच्या लायसनला वय २० पूर्ण लागतं, आधी एक वर्ष हलक्या गाडीचं लायसन लागतं. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत ड्रायव्हिंग स्कूलनं जड वाहनासाठी ३० दिवसांत किमान १५ तास प्रत्यक्ष गाडी चालवून घ्यावी असं आहे. २०२१ मध्ये तुमच्याच मंत्रालयानं मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांसाठी सहा आठवड्यांत ३८ तासांचा अभ्यासक्रम आणला, तो नक्कीच चांगला आहे. माझ्या स्कूलमध्ये मात्र एका गाडीवर आम्ही सहा जण होतो. गाडी कायम रिकामी. रात्री एकदाही नाही, पावसात नाही, घाटात तर नाहीच. आरटीओच्या परीक्षेतही गाडी रिकामीच होती. भरलेली गाडी आयुष्यात पहिल्यांदा चालवली ती एकट्यानं आणि बोरघाटात.

आमच्या गावचा एक मित्र फिटर आहे. त्यानं आयटीआयला दोन वर्षं काढली, मग कारखान्यात शिकाऊ म्हणून राहिला, तेव्हा कुठं त्याला मशिनवर एकट्याला उभं केलं. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ पासून आहे. एसटीतसुद्धा निवड झालेल्या ड्रायव्हरला आधी प्रशिक्षण देतात, मग बस देतात. आमच्या हातात साडेअठ्ठावीस टन देताना मात्र कोणालाच काही विचारावंसं वाटत नाही.

आता डिझेलचं सांगतो, कारण माझ्या मते खरी मेख तिथं आहे. कंपनीनं प्रत्येक गाडीचं अॅव्हरेज ठरवलेलं असतं. त्याच्या वर डिझेल लागलं तर पगारातून कापतात. नव्या ड्रायव्हरला गिअर आणि आरपीएमचा (इंजिनाच्या फेऱ्यांचा) मेळ बसलेला नसतो, त्यामुळे त्याचं अॅव्हरेज बसतच नाही. पहिल्या दोन महिन्यांत माझे पैसे कापले गेले. मग फोनवर कोणीतरी अनुभवी सांगतो, उतारावर न्यूट्रल कर, निघून येईल. पोरगं करतं. न्यूट्रल केली की इंजिनाची पकड सुटते आणि सगळा भार लायनरवर येतो. काही जण तर इंजिनच बंद करतात, मग हवा भरणारा कॉम्प्रेसर थांबतो आणि पॉवर स्टेअरिंगही जातं. खरं तर नव्या इलेक्ट्रॉनिक पंपाच्या गाड्यांत गिअरमध्ये राहून अॅक्सिलेटरवरून पाय काढला की इंजिन डिझेल घेतच नाही, म्हणजे न्यूट्रलनं वाचत काहीच नाही. पण हे मला कंपनीत कोणी सांगितलं नाही. एका मेकॅनिकनं सांगितलं, तेही चार महिन्यांनी.

२० नोव्हेंबर २०२२ ला पुण्यात नवले पुलाच्या उतारावर एका ट्रकनं चाळीसहून जास्त गाड्यांना धडक दिली, तेव्हाही उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडल्याचं तपासात पुढे आलं. त्यानंतर तिथं कॅमेरे, रंबलर, फलक सगळं लागलं. अशा फलकांवर लिहिलेलं असतं : न्यूट्रल करू नका. ते वाचणाऱ्याच्या पगारातून अॅव्हरेजचे पैसे कापले जात असतील तर तो फलकाचं ऐकेल की घरच्या हप्त्याचं, हे तुम्हीच सांगा. तुमच्या मंत्रालयाच्या अहवालात २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली अशी नोंद आहे. त्यांत ट्रकखाली आलेले आहेत तसे ट्रकमध्ये बसलेलेही आहेत.

झोपेचंही तसंच. नोव्हेंबर २०२५ पर्यंत असलेला १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तास सांगायचा, पण तो पाच किंवा जास्त कामगार असलेल्यांनाच लागू होता. दोन-तीन गाड्यांच्या मालकाकडे, जिथं बहुतेक नवी पोरं लागतात, तो कधी पोचलाच नाही. आणि मोठ्या कंपनीत तरी तास कोण मोजतो? जीपीएसवर गाडी उभी दिसली की फोन येतो. समृद्धी महामार्गावर पहिल्यांदा रात्री गेलो तेव्हा शंभर-शंभर किलोमीटर सरळ रस्ता, ना गाव ना दिवा, पहाटे तीनला डोळे उघडे होते पण मधल्या काही मिनिटांचं मला काहीच आठवत नाही. अनुभवी माणसाला कळतं की हे होण्याआधीच थांबायचं असतं. मला कळलं नव्हतं. आणि डावीकडं मला हाक मारायला कोणी नव्हतं.

साहेब, २०२५ पासून तुम्ही नव्या ट्रकांना एसी केबिन सक्तीची केलीत. ड्रायव्हर ४३ ते ४७ अंशांत कसे बसत असतील, असं तुम्ही जाहीरपणे बोलला होतात. इतक्या वर्षांत आमच्या केबिनमधल्या उन्हाचा कोणी मोठ्या माणसानं विचार केला, याचं आम्हाला फार बरं वाटलं. म्हणूनच हे पत्र तुम्हाला लिहायची हिंमत होतेय. देशात २२ लाख ड्रायव्हर कमी आहेत हेही तुम्हीच सांगता, आणि नवी प्रशिक्षण केंद्रं काढायची योजना तुम्ही मांडली आहे. केंद्रं जरूर काढा. पण केंद्रातून लायसन घेऊन बाहेर पडलेला पोरगा आणि एकट्यानं घाट उतरणारा ड्रायव्हर यांच्यामध्ये जे अंतर आहे, ते केंद्रात भरून निघणार नाही. ते भरलेल्या गाडीत, खऱ्या रस्त्यावर, जाणत्या माणसाशेजारीच भरतं.

म्हणून मागणी एकच आहे. जड वाहनाचं नवं लायसन असलेल्या कोणालाही पहिले सहा महिने भरलेली गाडी घेऊन एकट्याला पाठवता येऊ नये. शेजारी अनुभवी ड्रायव्हर हवा, आणि त्या काळात अॅव्हरेजची कपात बंद हवी. याची नोंद लायसनवरच करता येईल, म्हणजे टोलनाक्यावर किंवा तपासणीत कोणालाही दिसेल.

मालक म्हणतील, दोन पगार कसे परवडतील. त्यांचं म्हणणं खोटं नाही. भाडं ज्या दरानं मिळतं ते मीही आता बिल्टीवर, म्हणजे मालाच्या पावतीवर, बघतो. पण कारखान्यातल्या शिकाऊ मुलाच्या मानधनात केंद्र सरकार हातभार लावतं, तसा इथंही लावता येईल. आणि शिकवणारी माणसं शोधायला लांब जायला नको. माझे वडील ५६ वर्षांचे आहेत. क्लच दाबून दाबून डावा गुडघा गेला म्हणून घरी बसलेत, लांब पल्ल्याची गाडी आता त्यांना जमणार नाही. पण माझ्या फोनमधून इंजिनाचा आवाज ऐकून ते सांगतात की तू गिअर उशिरा टाकतोयस. आमच्या तालुक्यातच अशी कितीतरी माणसं असतील. त्यांना दिवसाचा भत्ता द्या, डाव्या सीटवर बसवा. चापट मारणारा उस्ताद नको, पगार घेऊन शिकवणारा उस्ताद द्या.

अपघात झाल्यावर ड्रायव्हरला शिक्षा किती असावी यावर जानेवारी २०२४ मध्ये देशभर गाड्या उभ्या राहिल्या होत्या, म्हणून हिट अँड रनचं ते कलम अजून लागू झालेलं नाही. त्या चर्चेत तुम्ही-आम्ही सगळेच होतो. ड्रायव्हरला आधी शिकवायचं कोणी, यावर मात्र त्या वेळीही कोणी बोललं नाही.

आमच्या गल्लीतल्या एका पोराला गेल्या महिन्यात हेवीचं लायसन मिळालं. २१ वर्षांचा आहे. त्याची आई परवा आमच्या घरी येऊन म्हणाली, "चार-सहा महिने तुझ्यासंगं घेऊन जा की त्याला, नुसता बसून बघंल, पगार नको." कंपनीत विचारलं, तर बाहेरचा माणूस केबिनमध्ये चालणार नाही, पाहिजे तर त्याला स्वतंत्र गाडी देतो, सोमवारी पाठव, असं उत्तर मिळालं. आज शुक्रवार आहे. मावशींना मी अजून काही कळवलेलं नाही.

आपला,
दहा चाकीवरचा एक नवा ड्रायव्हर
कळंबोली