सात जूनचा झेंडा

ओस्लो

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

रविवारी व्हिडिओ कॉल चालू असताना समोरच्या इमारतीवर झेंडा दिसला आणि बाबांनी लगेच विचारलं, "तुमचा सतरा मेचा राष्ट्रीय दिवस तर होऊन गेला ना? मग आज कसला झेंडा?" मी सांगायला सुरुवात केली तोच नेटवर्क गेलं. तसंही हे फोनवर सांगून होण्यासारखं नाही. बाबांना निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं ते स्वतः जुळवतात. म्हणून लिहूनच पाठवतेय. आई, तुला कंटाळा आला तर मधलं सोडून दे, पण बायकांच्या सह्यांचं तेवढं वाच.

झेंडा होता तो १९०५ सालच्या ७ जूनच्या आठवणीचा, त्या दिवशी नॉर्वे स्वीडनपासून वेगळा झाला. त्याआधी ९१ वर्षं नॉर्वे आणि स्वीडन यांचा राजा एकच होता. नॉर्वेची संसद वेगळी, कायदे वेगळे, पण परराष्ट्र खातं स्टॉकहोमच्या हातात. आता नॉर्वेची जहाजं जगभर फिरत होती. परक्या बंदरात खलाशाचं काही अडलं तर दाद मागायची ती दोन्ही देशांच्या सामाईक वाणिज्यदूताकडे. आमचे दूत आम्हाला वेगळे द्या, एवढंच मागणं होतं. मे महिन्यात संसदेने तसा कायदा एकमताने केला. राजा दुसरा ऑस्कर सही करेना. २७ मे रोजी मंत्रिमंडळाने राजीनामे पुढे केले, तर राजा म्हणाला, राजीनामे घेत नाही, कारण सध्या दुसरं सरकार बनवणं शक्य नाही.

बाबा, इथे चष्मा लावा. ख्रिश्चन मिकेलसेन हा पंतप्रधान बर्गनचा जहाजमालक आणि शिकलेला वकील. त्याने राजाचं तेच वाक्य पकडलं. ७ जूनचा ठराव वाचलात तर मुख्य वाक्य अगदी साधं आहे : राजीनामा दिलेल्या मंत्र्यांनीच तूर्त कारभार पाहावा. मग त्याला शेपूट जोडलंय की, राजाने नवं सरकार बनवता येत नाही असं कळवलं आहे, सबब तो नॉर्वेचा राजा म्हणून काम करेनासा झाला आहे, सबब स्वीडनबरोबरचं एकत्र राज्य संपलं आहे. म्हणजे राज्य फुटल्याची बातमी पोटवाक्यात! तुमच्या तहसील कचेरीत असा मसुदा कोणी टेबलावर ठेवला असता, तर तुम्ही त्याला चहा पाजला असता की शेरा मारून परत पाठवला असता, हे मला खरंच जाणून घ्यायचंय.

स्वीडनला अर्थातच हे पटलं नाही. जनतेला विचारलंय का, असा त्यांचा सवाल. मग १३ ऑगस्टला, रविवारी, सार्वमत घेतलं. प्रश्न असा की, "झालेलं विभाजन" तुम्हाला मान्य आहे की नाही. झालेलं! तुम्ही इतक्या निवडणुकांना केंद्राध्यक्ष म्हणून गेलात, प्रश्न कसा विचारला की उत्तर कुठे जातं ते तुम्हाला मी काय सांगायचं. निकाल : मान्य ३,६८,२०८, अमान्य १८४.

मी या १८४ वर अडकलेय. बाकी लोक बहुमताचा आकडा सांगून छाती फुगवतात, मला त्या १८४ जणांचं कौतुक वाटतं. लहान गावात एकच उलटं मत निघालं तर ते कोणाचं, हे संध्याकाळपर्यंत चहाच्या टपरीवर ठरलेलं असतं, असं तुम्हीच सांगायचात. इथे टपरी नसेल, पण गावं तेव्हा आपल्याकडच्यापेक्षाही लहान होती. त्यातला एखादा चिडका असेल, एखाद्याची सासुरवाडी सीमेपलीकडची असेल, कोण जाणे. तरी गेला आणि 'नाही' टाकून आला.

आता आई, तुझा भाग. मत फक्त पुरुषांना होतं, तेही पंचवीस वर्षांवरच्या. बायकांनी मागून पाहिलं, नाही मिळालं. मग मताधिकारासाठी झगडणाऱ्या संघटनेने, फ्रेड्रिके मारी क्वाम तिची अध्यक्ष, ठरवलं की आपण सह्या गोळा करू. आठवड्या-दोन आठवड्यांत जवळजवळ अडीच लाख सह्या जमल्या. पूर्ण देशाची वस्ती तेव्हा तेवीस लाखांच्या आसपास! फोन सगळीकडे नव्हते, मध्ये डोंगर, खाड्या, एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीत जायचं तर होडी. तू जनगणनेला शाळा सुटल्यावर वाड्या-वस्त्यांवर जायचीस, कुत्री मागे लागायची, आणि घरी येऊन पाय गरम पाण्यात घालून फॉर्म तपासत बसायचीस. त्या बायका मला अगदी तशाच दिसतात. फरक एवढाच की तुला सरकारने पाठवलं होतं आणि यांना सरकारने विचारलंच नव्हतं. सह्या संसदेला दिल्या, गोड शब्दांत आभार मानले गेले. संसदेच्या निवडणुकीत सगळ्या बायकांना मत मिळायला १९१३ उजाडलं. आठ वर्षं! पाठ्यपुस्तकात १९०५ हे एकजुटीचं साल म्हणून येतं. मला ते वाचताना दर वेळी थोडा राग येतो.

सप्टेंबरात प्रकरण हातघाईवर आलं होतं. दोन्हीकडे सैन्याची जमवाजमव झाली, आणि त्याच वेळी स्वीडनमधल्या कार्लस्टाड गावी दोन्ही बाजूंची माणसं वाटाघाटींना बसली होती. २३ सप्टेंबरला समझोता झाला. नॉर्वेने सीमेवरची नवी तटबंदी पाडायची, जुने ऐतिहासिक किल्ले राहू द्यायचे, आणि सीमेच्या दोन्ही अंगांना सैन्य नसलेला पट्टा ठेवायचा. नॉर्वेत पुष्कळांना हे नामुष्कीचं वाटलं. पण गोळी सुटली नाही.

मागे मी ऑफिसातल्या एका मैत्रिणीबरोबर त्या सीमेवर गेले होते. तीर्थयात्रेला नव्हे हं, पलीकडे शार्लोटेनबर्गला मटण-चिकन स्वस्त मिळतं म्हणून. दुकानांसमोर सगळ्या नॉर्वेच्या नंबरप्लेटा, डिक्क्या उघड्या, माणसं बेकनची पाकिटं आणि गोळ्या-चॉकलेटच्या पिशव्या रचतायत. वाटेत मोरोकुलिएनला शांततेचं स्मारक आहे, १९१४ सालचं, बरोबर सीमारेषेवर. युरोपात महायुद्ध पेटलेलं आणि यांनी तेव्हा हे उभारलं. आम्ही दहा मिनिटं थांबलो, मग मटण खराब होईल म्हणून निघालो.

बिचाऱ्या ऑस्करचं मला वाईट वाटतं. त्याचं ब्रीदवाक्य होतं "बंधुराष्ट्रांचं कल्याण". नॉर्वे गेल्यावर त्याने ते बदलून "स्वीडनचं कल्याण" केलं. तेव्हा तो शहात्तर वर्षांचा होता. नॉर्वेने त्याला, तुमच्याच घरातला एखादा राजपुत्र आम्हाला राजा म्हणून द्या, असंही सुचवलं होतं. त्याने नकार दिला, आणि कोण देईल!

मग पाहिला डेन्मार्कचा राजपुत्र कार्ल, आरमारातला अधिकारी. बाबा, तुमच्या पितळी डब्यात सातव्या एडवर्डचा रुपया आहे ना, मुकुट नसलेला, टकला? त्याची धाकटी मुलगी मॉड ही या कार्लची बायको. म्हणजे तेव्हाच्या आपल्या बादशहाचा जावई इथला राजा झाला. कार्लला सिंहासन आयतं मिळत होतं, तरी तो म्हणाला, लोकांना प्रजासत्ताक हवंय की राजा, ते आधी विचारा. संसदेचं आमंत्रण पुरेसं नाही. नोव्हेंबरात पुन्हा सार्वमत : २,५९,५६३ राजाच्या बाजूने, ६९,२६४ विरुद्ध. या खेपेला 'नाही' म्हणणारे १८४ वरून एकोणसत्तर हजारांवर गेले, म्हणजे प्रश्न नीट विचारला गेला असं मी म्हणेन. बाबा म्हणतील, दोन प्रश्नच वेगळे आहेत, तुलना चुकीची. असू दे.

२५ नोव्हेंबरला तो राजधानीत उतरला तेव्हा बर्फ पडत होतं. नाव बदलून सातवा हाकोन झाला. कडेवर दोन वर्षांचा मुलगा, त्याचंही नाव अलेक्झांडरचं ओलाव केलेलं. त्या दिवसाचा फोटो इथे सगळ्यांना माहीत आहे : पोरगं बापाच्या कडेवर, समोर टोप काढून उभा मिकेलसेन, तोच पोटवाक्यवाला.

असो. आई, गुडघ्याचं तेल लावतेस की नुसतं कपाटात ठेवलंयस? बाबांचे बीपीचे आकडे वहीत लिहून त्याचा फोटो टाका, तोंडी "बरं आहे" चालणार नाही. व्हिसासाठी आमंत्रणपत्र या आठवड्यात पाठवते. नोव्हेंबरचं तिकीट अजिबात काढू नका, इथे चारच्या सुमारासच अंधार पडतो. मे-जूनमध्ये या. आणि बाबा, त्या ठरावाच्या मसुद्यावर तुमचा शेरा लेखी हवाय.

तुमची,
धाकटी